झांडवोर्टची शर्यत: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

२०२१ च्या ५ सप्टेंबरला, रविवारी, नेदरलँड्समधल्या झांडवोर्टला फॉर्म्युला वनची शर्यत होणार होती. त्याआधी, ऑगस्टमध्ये, दिलेली ही उत्तरं, दर आणि नियमही तेव्हाचे. त्याआधीची इथली शर्यत झाली होती २५ ऑगस्ट १९८५ रोजी. खरं तर पुनरागमन ३ मे २०२० ला ठरलं होतं, ते कोरोनाने खाल्लं. हंगेरीच्या शर्यतीनंतर ब्रिटनच्या लुईस हॅमिल्टनचे १९५ आणि नेदरलँड्सच्या मॅक्स व्हरस्टॅपनचे १८७ गुण होते. त्यात शर्यत व्हरस्टॅपनच्या घरच्या अंगणात. या महिन्यातली बहुतेक पत्रं याच एका सर्किटवर आली, यात नवल नाही. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : झांडवोर्ट ‘जुनं, अस्सल’ सर्किट म्हणून सगळे गोडवे गातात. पण ट्रॅक तर पुन्हा बांधलाय म्हणे. मग जुनं काय उरलं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सुरुवातीचा भाग उरला. पहिलं वळण टारझन, त्यानंतर गेर्लाख, पिटच्या (गाड्यांचे टायर बदलतात ती जागा) पाठीमागून जाणारं ह्युगनहोल्ट्झ, मग वाळूच्या टेकडीवर चढणारा हुन्सेरुग आणि तिथून पलीकडे आंधळेपणाने उतरणारं वेगवान उजवं वळण स्खेइफ्लाक. इथवरचा मार्ग १९४८ सालच्या आखणीला बराचसा धरून आहे. स्खेइफ्लाकच्या पुढे जे दिसतं ते नवं.

जुना ट्रॅक गेला त्याचं कारण पैसा. १९८५ च्या शर्यतीनंतर सर्किट चालवणारी कंपनी बुडाली, जमिनीचा मोठा तुकडा सुट्टीच्या बंगल्यांच्या वसाहतीसाठी गेला. १९८९ मध्ये उरलेल्या जागेत जेमतेम अडीच किलोमीटरचा ट्रॅक राहिला. १९९९ मध्ये तो वाढवून ४.३ किलोमीटरचा केला. मधल्या काळात फॉर्म्युला थ्रीची (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची) ‘मास्टर्स’ शर्यत इथे नेमाने व्हायची. हॅमिल्टनने ती २००५ मध्ये, बोटासने २००९ आणि २०१० मध्ये, तर व्हरस्टॅपनने २०१४ मध्ये जिंकली. त्यामुळे हे तिघे इथे नवखे नाहीत.

२०१६ मध्ये डच राजघराण्यातले प्रिन्स बर्नहार्ड आणि त्यांचे भागीदार यांनी सर्किट विकत घेतलं, मे २०१९ मध्ये फॉर्म्युला वनशी करार जाहीर झाला आणि दोन वळणं तिरकी उचलून घेतली. आता एक लॅप (फेरी) ४.२५९ किलोमीटरची, १४ वळणं, ७२ लॅप.

तेव्हा ‘अस्सल’ म्हणायचं तर ते चढउतारांना आणि अरुंदपणाला. ते बुलडोझरने केलेलं नाही, वाळूच्या टेकड्या आधीपासून तिथे आहेत आणि रस्ता त्यांच्या अंगावरून गेलाय. जुन्या चाहत्यांना हळहळ वाटणं रास्त आहे, पण नव्या ट्रॅकला ‘नकली’ म्हणणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : शेवटचं वळण १८ अंशांत तिरकं केलंय असं वाचलं. इतक्या तिरकेपणाचा गाडीला नेमका फायदा काय? आणि तोटा? गणितासह सांगावं. (मेकॅनिकलचा विद्यार्थी, कराड)

उत्तर : आधी १८ अंश म्हणजे किती ते बघ. टॅन १८ म्हणजे ०.३२५, म्हणजे ३२ टक्के चढ. आपल्याकडे महामार्गाच्या वळणावर बाहेरची बाजू उचलतात ती साधारण ७ टक्क्यांपर्यंत, घाटात १० टक्क्यांपर्यंत. इथे १० मीटर रुंदीच्या उतरणीवर वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ३ मीटर उंच येते. पायी चढताना हात टेकावेसे वाटतील इतकं.

फायदा : सपाट वळणावर गाडीला आत खेचायचं सगळं काम टायरच्या घर्षणाचं. तिरक्या वळणावर रस्त्याचा आधारच थोडा आतल्या बाजूला झुकतो. घर्षण शून्य धरलं तरी १८ अंशांवर गुरुत्वाकर्षणाच्या ०.३२५ पट इतका आतला ओढा फुकट मिळतो. शिवाय गाडी रस्त्यात जास्त जोराने रुतते, म्हणून घर्षणही वाढतं.

तोटा त्या रुतण्यातच आहे. समजा गाडी वळणात आडवं ३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट ओढा) घेतेय. सपाट रस्त्यावर तिच्या वजनाचा रस्त्यावर लंब दाब १ जी. १८ अंशांवर तो होतो कॉस १८ अधिक ३ गुणिले साइन १८, म्हणजे ०.९५ + ०.९३, जवळजवळ १.९ जी. पंखांमुळे येणारा हवेचा दाब यात धरलेला नाही, तो वेगळा. म्हणजे ७५२ किलोची गाडी, चालक धरूनच २०२१ चं हे किमान वजन, अधिक इंधन, हे सगळं त्या दोन-तीन सेकंदांत दुप्पट झाल्यासारखं स्प्रिंगवर आणि टायरवर बसतं. याचे परिणाम तीन :

एक, गाडी खाली बसते आणि तळ घासतो. तळाला १० मिलिमीटर जाडीची फळी असते आणि ती १ मिलिमीटरपेक्षा जास्त झिजली तर गाडी बाद. म्हणून गाडी थोडी उंच ठेवावी लागते किंवा स्प्रिंग कडक. पण तसं केलं की बाकीच्या सपाट वळणांत गाडीची पकड कमी होते. या एका वळणासाठी उरलेल्या लॅपचं किती नुकसान सोसायचं, हीच शुक्रवारच्या सरावात सगळ्या संघांची डोकेदुखी असेल.

दोन, टायरची भिंत दबते, गरम होते, पुन्हा सुटते. हवा कमी असेल तर भिंत जास्त लवते आणि आतले धागे तुटतात. म्हणून टायर पुरवणारी पिरेली कंपनी किमान दाब वाढवून देते. दाब वाढला की टायर फुगीर होतो, जमिनीला टेकणारा पट्टा लहान होतो आणि मधला भाग लवकर तापतो.

तीन, डाव्या बाजूच्या टायरवर सगळा भार, कारण हे वळण उजवं आहे.

इंडियानापोलिस २००५ आठवत असेल. तिथलं तिरकं वळण फक्त ९ अंशांच्या आसपास होतं, तरी मिशेलिनच्या टायरनी तग धरला नाही आणि शर्यतीला सहाच गाड्या उरल्या. झांडवोर्टला तिरकेपणा दुप्पट आहे. मात्र तेव्हा धोका आयत्या वेळी कळला, इथे पिरेलीला वर्षभर आधी कल्पना होती आणि त्यांनी सर्वांत कडक तीन टायर निवडले आहेत. त्यामुळे तसा प्रसंग येईल असं वाटत नाही.

ह्युगनहोल्ट्झचं गणित वेगळं, आणि आमच्या मते जास्त मजेदार. तिथला तिरकेपणा एकसारखा नाही. आतल्या कडेला अगदी कमी, वर जावं तसा वाढत वाढत १९ अंशांपर्यंत. इटलीच्या ड्रोमो कंपनीच्या यार्नो झाफेल्लींची ही करामत. आतून जावं तर अंतर कमी पण आधार कमी, वरून जावं तर अंतर जास्त पण वेग टिकतो. म्हणजे एका वळणावर दोन खरेखुरे मार्ग. पुढच्याने आतली बाजू अडवली तर मागचा वरून फिरून हुन्सेरुगच्या चढाला जास्त वेगाने लागू शकतो. टीव्हीवर हे वळण आलं की पुढची गाडी कोणत्या उंचीवरून जातेय तेवढंच बघ.

प्रश्न : इतक्या अरुंद ट्रॅकवर ओव्हरटेकिंग होणार आहे का? की मोनॅकोसारखी मिरवणूक? (नाशिक, ठाणे आणि सोलापूरहून तीन पत्रं)

उत्तर : मिरवणुकीची शक्यता जास्त, आडपडदा न ठेवता सांगतो. ओव्हरटेकिंगची खरी जागा एकच, टारझन. सरळ रस्ता जेमतेम ६८० मीटर. गाडी दोन मीटर रुंद. शिवाय मधल्या वेगवान वळणांत पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्याची पकड जाते, त्यामुळे शेवटच्या वळणापर्यंत तो जवळ राहू शकत नाही.

शेवटचं आरी लायेंडाइक वळण तिरकं केलं ते यावर उपाय म्हणून. (लायेंडाइक हे इंडियानापोलिस ५०० दोनदा, १९९० आणि १९९७ मध्ये जिंकलेले डच चालक.) वळण तिरकं असल्याने तिथे पाय अॅक्सिलरेटरवरून काढावा लागत नाही. म्हणजे सरळ रस्ता जणू तेराव्या वळणापासूनच सुरू होतो. मूळ योजना तर अशी की डीआरएस, म्हणजे मागच्या पंखाची फळी (उघडली की सरळ रस्त्यावर वेग वाढतो), या वळणात शिरतानाच उघडायची. फळी उघडली की मागचा दाब कमी होतो आणि वळणात मागचं टोक सुटायची भीती असते. तिरकेपणामुळे जो जादा लंब दाब मिळतो त्याने ती भीती भरून निघेल, असा हिशेब. परवानगी द्यायची का, ते एफआयए या नियामक संस्थेच्या हातात. पहिल्या वर्षी फळी वळण संपल्यावरच उघडू द्यावी, असं आमचं मत. भिंत बाहेरच्या बाजूला अगदी लागून आहे आणि तिथे टायर फुटला तर वाचायला जागा नाही.

२०२१ मध्ये डीआरएस वापरायला मोजणीच्या रेषेवर पुढच्यापेक्षा एका सेकंदाच्या आत असावं लागायचं आणि पहिल्या दोन लॅपमध्ये ते बंद असायचं, हे नव्या वाचकांसाठी.

यातून निघणारा सल्ला : रविवारपेक्षा शनिवार चुकवू नका. अशा ट्रॅकवर पात्रता फेरी (सुटण्याची जागा ठरवणारी) हीच अर्धी शर्यत. हलक्या इंधनावर, नव्या सॉफ्ट टायरवर गाडी स्खेइफ्लाकमध्ये उतरते तेव्हा चालकाला वळणाचा शेवट दिसत नसतो. शिवाय २०२१ च्या नियमाप्रमाणे पात्रतेच्या दुसऱ्या भागात ज्या टायरवर सर्वोत्तम वेळ नोंदवली त्याच टायरवर पहिल्या दहांना शर्यत सुरू करावी लागायची. म्हणून तिथे मीडियमवर (जरा कडक, जास्त टिकणारा टायर) वेळ काढायचा प्रयत्न कोण करतो, ते बघण्यासारखं.

प्रश्न : १९८५ ला नेल्सन पिकेने १ मिनिट ११.०७४ सेकंदांत पोल (सुटताना पहिली जागा) घेतली होती. ट्रॅकची लांबीही जवळपास तीच आहे. मग यंदाच्या वेळेशी थेट तुलना करता येईल ना? (एक जुना चाहता, ठाणे)

उत्तर : लांबी खरंच जवळपास तीच, तेव्हा ४.२५२, आता ४.२५९ किलोमीटर. फरक ७ मीटरचा. पण तो योगायोग आहे. जुन्या ट्रॅकचा मागचा भाग लांब, वेगवान आणि कमी वळणांचा होता. पिकेच्या ब्रॅबहॅम गाडीचा सरासरी वेग ताशी २१५ किलोमीटर पडला. गाडी किमान ५४० किलोची आणि पात्रतेपुरती फुगवलेली टर्बो इंजिनं. आताची गाडी बरीच जड आणि वळणांत कितीतरी वेगवान. तुलना करायचीच तर टारझन ते स्खेइफ्लाक या पहिल्या भागाची करावी.

तुम्ही जुने चाहते, म्हणून आठवण करून देतो : त्या वर्षी पोल पिकेची असली तरी शर्यत दहाव्या जागेवरून सुटलेल्या निकी लाउडाने जिंकली, प्रॉस्टला अवघ्या ०.२३२ सेकंदांनी मागे ठेवून. लाउडाचा तो पंचविसावा आणि अखेरचा विजय.

प्रश्न : आमच्याकडे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर वाळू आली की दुचाकी घसरतेच. झांडवोर्ट तर समुद्राला लागूनच. वाऱ्याने वाळू ट्रॅकवर येत नाही का? आणि तिथल्या टेकड्यांमधल्या जीवांचं काय? (वेंगुर्ला)

उत्तर : येते, आणि दर वेळी येते. झाडून घेतात, पण दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पातळ थर बसतो. गाड्या ज्या रेषेवरून जातात ती रेषा टायरच्या वाऱ्याने आणि चिकटलेल्या रबराने स्वच्छ होते, बाहेरची बाजू मात्र वाळूचीच राहते. म्हणून शुक्रवारी पहिल्या सत्रात सगळे घसरताना दिसतील आणि वेळा दर अर्ध्या तासाला सुधारत जातील. त्या वेळांवरून कोण पुढे, कोण मागे हे ठरवू नका. शर्यतीत त्रास होतो तो रेषा सोडून ओव्हरटेक करणाऱ्याला. ब्रेक मारताना त्याची आतली चाकं वाळूवर असतात आणि ती लॉक होतात.

वाळूपेक्षा वारा वाईट. पंखांचा दाब हवेच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. गाडी ताशी २०० ने वळणात आहे आणि समोरून ताशी ३० चा वारा आहे, तर हवा २३० ने येते आणि दाब ३२ टक्क्यांनी वाढतो. तोच वारा पाठीमागून असेल तर दाब २८ टक्क्यांनी घटतो. हा ट्रॅक सतत दिशा बदलतो, त्यामुळे एका वळणात घट्ट बसलेली गाडी पुढच्या वळणात सुटते. चालक रेडिओवर वाऱ्याची तक्रार करतात ती सबब नसते.

टेकड्यांमधल्या जीवांबद्दलही आपण विचारलंय. सर्किटला लागून संरक्षित क्षेत्र आहे, तिथे वाळूत राहणारा एक दुर्मीळ भेक आणि वाळूतला सरडा आहे. त्यांच्यासाठी पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या होत्या, पण न्यायालयाने काम थांबवलं नाही.

प्रश्न : आम्ही आम्स्टलवेनला राहतो. तिकिटं मिळाली आहेत, आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले सासरे. गाडीने जावं की ट्रेनने? काय न्यावं? (एक मराठी कुटुंब, नेदरलँड्स)

उत्तर : मोटारीचा विचार मनातून काढा. गावात यायला मुख्य रस्ते दोनच आणि शर्यतीच्या दिवसांत ते बाहेरच्या मोटारींना बंद. उरतात ट्रेन, सायकल आणि ठरवून दिलेल्या बस.

ट्रेन : आम्सटरडॅम सेंट्रालहून हार्लेममार्गे ‘झांडवोर्ट आन झे’ स्टेशन, साधारण अर्धा तास. शर्यतीसाठी दर पाच मिनिटांनी गाडी सोडायची योजना होती. स्टेशनवरून सर्किटपर्यंत चालत जायचं, रस्ता सपाट आहे. सासऱ्यांसाठी ओव्ही-चिपकार्ड (प्रवासाचं कार्ड) नसेल तर २०२१ मध्ये निनावी कार्ड साडेसात युरोंना मिळायचं, पण ट्रेनसाठी त्यावर किमान २० युरो शिल्लक लागायची, नाहीतर फाटक उघडायचं नाही. हे काम शुक्रवारच्या आधी उरकून घ्या. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. २०२१ मध्ये ट्रेनमध्ये मास्क सक्तीचा होता.

परतीचा हिशेब आधीच करून ठेवा. तासाला १२ गाड्या आणि एका गाडीत ८०० ते १,००० माणसं धरली तर तासाला दहा-बारा हजार. कोरोनामुळे २०२१ मध्ये प्रेक्षकसंख्या दोन तृतीयांशावर आणली होती, तरी ती दिवसाला ७०,००० च्या घरात जाणार होती. झेंडा पडल्या पडल्या स्टेशनकडे धावलात तर पोराला कडेवर घेऊन रांगेत उभं राहावं लागेल. पारितोषिक समारंभ बघा, खाऊन घ्या, किनाऱ्यावर तासभर बसा. दीड-दोन तासांनी निघाल तर सुखाने जाल.

सायकल : हार्लेमपासून सुमारे ८ किलोमीटर, अर्ध्या तासाचा रस्ता. तुम्ही दोघंच असता तर आम्ही हीच सुचवली असती. चौघांत वयस्कर माणूस आणि लहान मूल असताना, परतीला समुद्रावरचा वारा आणि गर्दी, नको.

२०२१ मध्ये प्रवेशाला तिकिटाइतकाच कोरोनाचेक अॅपमधला क्यूआर कोड महत्त्वाचा होता : लस, आजारातून बरं झाल्याचा दाखला किंवा निगेटिव्ह चाचणी. सासऱ्यांची लस भारतातली असल्याने त्यांचा कोड अॅपमध्ये येतोय का ते आजच बघा, न आल्यास चाचणीची वेळ आधी घेऊन ठेवा. आणि कोडसोबत ओळखपत्र बघायचे, तेव्हा पासपोर्ट जवळ लागायचा.

काय न्यावं : मुलाला कानावर बसणारे इअरमफ (कानात घालायचे बोळे लहान मुलं काढून टाकतात), मोठ्यांना बोळे. वाऱ्याची जाकिटं, ऊन असलं तरी. छत्री नको, मागच्यांची नजर अडते आणि वाऱ्यात टिकतही नाही, रेनकोट न्या. वाळूसाठी साधे चष्मे. फोनचा पॉवर बँक, कारण सगळं फोनवरच आहे. भारतातल्या क्रेडिट कार्डावर विसंबू नका, २०२१ मध्ये तिथली बरीच दुकानं ती घेत नव्हती.

जागेबद्दल : टारझनला असाल तर सुरुवात आणि ओव्हरटेकिंग दिसेल. ह्युगनहोल्ट्झला गाडी अगदी जवळून, तिरकी दिसते, फोटोला तीच जागा. शेवटच्या वळणांजवळच्या स्टँडमध्ये गोंगाट आणि नारिंगी धूर सगळ्यांत जास्त. सासऱ्यांना दमा असेल तर तिथे विचार करून बसा.

प्रश्न : ‘अंडरकट’ इथे चालेल का? आणि टायरचं एकदा सविस्तर सांगा. (कोल्हापूर)

उत्तर : २०२१ मध्ये पिरेलीच्या सी१ ते सी५ या पाच टायरपैकी सी१ सर्वांत कडक होता. इथे सी१ हार्ड (पांढरी कड), सी२ मीडियम (पिवळी), सी३ सॉफ्ट (लाल). तेव्हा प्रत्येक चालकाला कोरड्यासाठी १३ संच : २ हार्ड, ३ मीडियम, ८ सॉफ्ट. पावसासाठी ४ इंटरमीजिएट (हिरवी कड) आणि ३ पूर्ण ओले (निळी). कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकार वापरावेच लागतात.

अंडरकट म्हणजे पुढच्याच्या आधी पिटमध्ये जाऊन नव्या टायरवर एक जोरदार लॅप काढायची आणि तो पिटमधून बाहेर येईपर्यंत त्याच्या पुढे निघायचं. तुम्ही दीड सेकंद मागे आहात आणि नवा टायर लॅपला दोन सेकंद देतो असं धरा, तर अर्ध्या सेकंदाने पुढे निघाल. फसतं कुठे? तीन ठिकाणी. बाहेर येताच हळू गाडीच्या मागे अडकलात, तर ते दोन सेकंद गेले. इथे ओव्हरटेकिंग अवघड असल्याने हा धोका मोठा. दुसरं, हार्ड टायर तापायला वेळ घेतो, समुद्रावरचा थंड वारा असेल तर पहिली लॅप उलट हळू पडते. तिसरं, पिटमध्ये नट अडकला. २०२१ च्या बेल्जियमच्या शर्यतीपासून नवा नियम लागू झाला : चाक घट्ट झाल्यावर जॅक सोडायला किमान ०.१५ सेकंद आणि जॅकनंतर चालकाला हिरवा दिवा द्यायला ०.२ सेकंद गेलेच पाहिजेत. दोन सेकंदांच्या आतले थांबे त्यामुळे दुर्मीळ होतील.

पिट लेनचा वेगही बघा. बहुतेक ठिकाणी मर्यादा ताशी ८०, मोनॅकोसारख्या अरुंद ठिकाणी ६०. ४०० मीटरची पिट लेन ८० ने १८ सेकंदांत संपते, ६० ने २४. सहा सेकंदांचा हा फरक एका थांब्याच्या आणि दोन थांब्यांच्या बेतातला फरक ठरू शकतो. झांडवोर्टची पिट लेन अरुंदच आहे, तेव्हा शुक्रवारी पडद्यावर गाड्यांचा पिटमधला वेग दिसला की हे गणित करून बघा. आमचा अंदाज एका थांब्याचा.

प्रश्न : बाकी सर्किटांवर बाहेर डांबर असतं, इथे खडी का ठेवली? आणि शर्यत अर्धवट थांबली तर गुण कसे? (औरंगाबाद)

उत्तर : डांबरावर चूक माफ होते, चालक फेरा मारून परत येतो. खडीत तो रुततो, शर्यत संपते. म्हणूनच चाहत्यांना खडी आवडते. पण रुतलेली गाडी काढायला क्रेन लागते, आणि इथे टेकड्यांमुळे सगळीकडून क्रेन येत नाही. म्हणून लाल झेंड्यांची (शर्यत थांबवण्याची खूण) तयारी ठेवा. लाल झेंड्यात टायर फुकट बदलता येतात, हे सिल्व्हरस्टोनला जुलै २०२१ मध्ये पाहिलंच.

पिवळ्या (सावकाश जायची खूण) आणि लाल झेंड्यांचा कंटाळा येतो असं काही वाचक लिहितात. त्यांनी याच सर्किटचं २९ जुलै १९७३ आठवावं. रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्लीने आपली गाडी थांबवली, धावत जाऊन एकट्याने ती सुलटी करायचा प्रयत्न केला. मार्शलांकडे आगीत जाण्याजोगे कपडे नव्हते. शर्यत चालूच राहिली आणि विल्यमसन गेला. तीन वर्षांपूर्वी, १९७० मध्ये, पिअर्स करेजही इथेच जळून गेला होता.

गुणांचा २०२१ चा नियम : दोन लॅप पूर्ण होऊन ७५ टक्क्यांच्या आत शर्यत थांबली, तर निम्मे गुण. इथे ७५ टक्के म्हणजे ५४ लॅप. त्याच्या पुढे पूर्ण गुण. शर्यतीची वेळ जास्तीत जास्त दोन तास, मधला थांबा धरून तीन तास.

प्रश्न : भारताचं कुणी इथे धावलंय का? (इचलकरंजी)

उत्तर : फॉर्म्युला वनमध्ये नाही, कारण भारतीय चालक तिथे पोचण्याआधीच झांडवोर्ट यादीतून गेलं होतं. मात्र देशादेशांच्या संघांची ए१ ग्रां प्री ही मालिका इथे यायची, त्यात भारताची गाडी होती. २०२१ मध्ये सोबत फॉर्म्युला थ्री आणि महिलांची डब्ल्यू सिरीज होती. भारताचा जेहान दारूवाला तेव्हा फॉर्म्युला टूमध्ये धावायचा, ती मालिका त्या आठवड्यात नव्हती.

प्रश्न : भारतीय वेळा आणि चॅनेल? (नागपूर, जळगाव, पणजी)

उत्तर : शुक्रवार ३ सप्टेंबर २०२१, पहिला सराव दुपारी ३.००, दुसरा संध्याकाळी ६.३०. शनिवारी तिसरा सराव ३.३०, पात्रता ६.३०. रविवारी शर्यत ६.३० ला. २०२१ मध्ये शर्यती स्टार स्पोर्ट्स सिलेक्टवर आणि डिस्ने प्लस हॉटस्टारवर दाखवायचे. मोबाइलवर बघणार असाल तर चित्र काही सेकंद मागे असतं, तोवर व्हॉट्सअॅपचे ग्रुप बंद ठेवा. टायमिंगच्या रकान्यात जांभळा म्हणजे सगळ्यांत वेगवान, हिरवा म्हणजे त्या चालकाची स्वतःची सर्वोत्तम, पिवळा म्हणजे सुधारणा नाही. २०२१ चे गणपती १० सप्टेंबरला, त्यामुळे मखराची कामं रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या आत आवरा किंवा साडेआठनंतर काढा.